जावयाची उडी

“...आन अंडं फोडून भायेर आलं का थे पयलं तोंड कोनाचं पाहीन?”

“माझं,” डॉक्टर केतकर म्हणाले. छाती जरा पुढे काढूनच म्हणाले.

धनसिंगबाबांनी त्या तोंडाकडे नीट पाहिलं. समोरून पाहिलं, मग मान वाकडी करून बाजूनं पाहिलं.

“...अरेरे,” बाबा म्हणाले.

हे दोघे कोण, ते आधी सांगायला हवं.

डॉक्टर सुधन्वा केतकर पुण्याचे. पक्ष्यांवर सतरा शोधनिबंध. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारी अशी की समोरच्यानं प्रश्न विचारायला तोंड उघडावं, तर यांचं उत्तर उंबऱ्यात उभं.

धनसिंग सोळंके हे वाशीमकडच्या पिंपळधरा गावाबाहेर जो पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती आहे, तिथले सर्वांत म्हातारे. शोधनिबंध एकही नाही. तरुणपणी फासे लावण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पुढे फासे सोडले, आणि ज्या माळावर पक्षी धरले तोच माळ राखत बसले. त्यांच्या शब्दाखातर गावची गुरं दसऱ्यापर्यंत त्या गवतात पाय टाकत नाहीत. म्हातारा तिरसट, पण खोटं बोलत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

आणि दोघांच्या मधे होता तणमोर.

कोंबडीएवढा पक्षी, उंच मानेचा, गवतात राहणारा. पावसाळा आला की नर काळाभोर होतो आणि मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ वर उडी मारतो. पंख फडफडवतो, बेडकासारखा आवाज काढतो आणि पुन्हा गवतात पडतो. दिवसातून शंभर वेळा, दोनशे वेळा. देवानं कुणाला गळा दिला, कुणाला पिसारा दिला. याच्या वाट्याला गुडघे आले.

असे पक्षी आता फार थोडे उरलेत. पिंपळधऱ्याच्या माळावर यंदा एकच जोडी उतरली. त्यातला नर नागपंचमीच्या आदल्या दिवशी विजेच्या तारेला धडकून मेला. मादी चार अंड्यांवर बसली होती. कुठे बसली होती, ते एकट्या बाबांना ठाऊक.

ती अंडी उचलून केतकरांच्या पक्षीसंवर्धन केंद्रात यंत्राखाली उबवायची, की माळावरच राहू द्यायची? केतकरांनी शनिवारपर्यंत वनखात्याला हे ठरवून लिहून द्यायचं होतं. आज मंगळवार होता. खरं सांगायचं तर त्यांचं ठरलेलंच होतं. ‘अंडी न्यावीत’ असं टाइप केलेला कागद सहीसकट बॅगेत होता. बाबांनी जागा दाखवायची, एवढंच राहिलं होतं.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं.

“बाबा, आमच्या यंत्राला जर्मन थर्मामीटर आहे. अंड्याला अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा जाणवणार नाही.”

“बरं.”

“पिल्लाला दिवसातून बारा वेळा भरवतो. उकडलेलं अंडं, आळ्या, जीवनसत्त्वं.”

“बरं.”

“कुत्रं नाही, लांडगा नाही, पाऊस नाही, ऊन नाही!”

“मंग हाये काय?” बाबांनी विचारलं.

सतरा निबंधांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“असे किती पोसले तुमी?”

“एक. पण उत्तम! नर आहे. दोन वर्षांचा, देखणा.”

“उडी मारते?”

“हो तर! रोज मारतो.”

“कोनाले पाहून?”

केतकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“...कोनाले पाहून, सायेब?”

“ते... आमचं अजून निरीक्षण चालू आहे.”

बाबांची बायको राणूबाई दारात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं. “उत्तर नाई देल्लं त्यानं,” ती नवऱ्याला म्हणाली.

“समजलं मले.” बाबा उठले. “सायेब, उद्या त्याले घेऊन या. त्याले पाह्यल्याबिगर मी काई दाखवत नाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राची जीप आली. मागे गादी लावलेला खोका. खोक्यात तो.

कागदोपत्री त्याचं नाव ‘नर क्रमांक एक’. पण केंद्रातले लोक त्याला जावई म्हणत. ताटली हलली तरी रुसायचा, अंड्याचा पिवळा बलक असेल तरच खायचा, पांढऱ्याला चोच लावायचा नाही. तेव्हा ते नाव काही चुकीचं नव्हतं.

बातमी बेड्यावर गेलीच होती. पंधरा-वीस माणसं माळाच्या कडेला येऊन बसली. रात्री पाऊस झाला होता, चिखल होता, म्हणून केतकरांनी आपले नेहमीचे हिरवे गमबूट घातले होते.

खोका उघडला.

जावई बाहेर आला. मान उंच केली. समोर सगळं गवतच गवत. त्याच्या आज्यापणज्यांचं गाव. सगळ्यांनी श्वास रोखले.

जावयानं गवताकडे पाहिलं. दोन पावलं टाकली. पायाला ओलं लागलं, तसा पाय झटकला.

मग तो वळला. तुरुतुरु चालत परत आला, केतकरांच्या डाव्या गमबुटापुढे उभा राहिला, छाती फुगवली आणि...

टुण्णकन उडी मारली.

“हे काय?” बाबांनी विचारलं.

“हे... हे जरा...”

टुण्णकन दुसरी. मग तिसरी. गमबूट जागचा हलेना, तेव्हा त्यानं उजव्या गमबुटापुढे जाऊन चौथी मारली.

आधी एक बाई हसली. मग सगळा बेडा हसला. बाबा हसता हसता खोकायला लागले, खोकता खोकता खाली बसले. “मांडव टाका रे!” राणूबाई ओरडली. “नवऱ्या दोन दोन हायेत, पन जोडा झकास हाये!”

केतकर कानापर्यंत लाल झाले. दोन वर्षं त्यांनी हे झाकून ठेवलं होतं. पिल्लू पहिल्या दिवसापासून जमिनीवरून बघत होतं, आणि जमिनीवरून बघणाऱ्याला जे दिसायचं तेच दिसलं होतं. सतरा निबंधांच्या धन्याचं तोंड त्यानं कधी धड पाहिलंच नव्हतं.

“सायेब,” बाबांनी डोळे पुसले, “तुमी सांगतलं का पयलं तोंड माहं पाहीन. इथं त तोंडाचाबी पत्ता नाई!”

केतकर मटकन दगडावर बसले. जावई लगेच त्या बुटाजवळ जाऊन टेकला. तिथून त्याला उठवावंसं कुणालाच वाटेना.

माणसं पांगली. राणूबाई तेवढी राहिली.

मग केतकरांनी बॅगेतून तो कागद काढला, टराटरा फाडला आणि म्हणाले, “संपलं बाबा. माझं चुकलं. ‘अंडी नेऊ नयेत’ असं लिहितो. निसर्गाचं निसर्गावर सोपवावं, हेच खरं.”

त्यांना वाटलं, म्हातारा आता पाठीवर हात ठेवेल.

म्हातारा भडकला.

“निसर्गावर? काल सांजच्या दोन कुत्रे आले होते त्या अंड्याईच्या वासावर. मी धोंडे मारून हाकलले. थे कुत्रेबी निसर्गच नं? थ्या तारा कोनाच्या, निसर्गाच्या? नर मेला, मादी एकटी, आन तू घरी चालला! तुले एक पोसता नाई आला म्हून चार जनाईनं अंड्यातच मरावं का बे?”

मघापर्यंत ते ‘सायेब’ होते. आता ‘बे’ झाले. केतकरांच्या ते ध्यानातही आलं नाही.

“पण मग काय लिहू? नेली तर असे होणार.” त्यांनी बुटाशी टेकलेल्याकडे बोट केलं. “नाही नेली तर मरणार. तुम्हीच सांगा!”

“मी कायले सांगू? डाक्टर तू का मी?”

“बाबा...”

“आमीबी पोसले,” बाबा जरा खालच्या आवाजात म्हणाले. “तितराचे अंडे कोंबडीखाली उबवाचो. लय मायाळू निंघे. खांद्यावर बसे, हातातून दाने खाये. त्याले पिंजऱ्यात घालून माळावर ठेवलं का थो बोले, आन त्याच्या बोलन्यावर रानातले तितर येऊन फाश्यात पडत. पोसलेला पक्षी तेवढ्या एकाच कामाचा. आपलेच लोक पकडून द्याच्या.”

“मग इलाज नाही?”

बाबा गवताकडे बघत राहिले... बघतच राहिले.

“बूट काढ,” ते म्हणाले.

“आँ?”

“बूट काढ म्हनलं.”

केतकरांनी बूट काढले. राणूबाईनं ते उचलले आणि झोपडीकडे निघाली. तशी जावयानं मान वर केली आणि ‘माझी बायको कुठं चालवली’ म्हणत तिच्या मागे धावत सुटला. राणूबाई किंचाळत पळतेय, मागे तणमोर उड्या मारतोय, त्याच्या मागे पुण्याचे डॉक्टर अनवाणी, ‘हळू, हळू, काटा!’ करत. शेवटी बूट पेटीत गेले, पेटीला कुलूप लागलं, तेव्हा कुठे वरात थांबली. बाबांनी पाखरू कापडात धरून पुन्हा माळाच्या मधोमध नेऊन सोडलं.

“आता गवतात झोप,” बाबा म्हणाले. “हे घोंगडं डोक्यावर घे. हात झाक, पाय झाक, तोंड झाक.”

“किती वेळ?”

“शनवारपावतर.”

केतकरांना वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती.

बाबा त्यांच्या शेजारी पालथे पडले. गळ्यातून एक आवाज काढला, थेट बेडकाचा. मग घोंगडीचा एक काळा तुकडा काठीला बांधून त्यांनी गवतातून सपकन वर उडवला आणि खाली घेतला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दुसरा कुणी नर आला आणि उडी मारून गेला.

तिकडे जावयाची मान ताठ झाली.

“पाह्यलं का?” बाबा कुजबुजले. “पोसताना तुमी त्याले खानं देल्लं, पानी देल्लं, औषद देल्लं. वैरी देल्ला का? समोर कोनी असल्याबिगर मरद उडी कायले मारीन?”

दहा वेळा काठी वर गेली. अकराव्यांदा कटकन मोडली.

“आता तू मार,” बाबा म्हणाले.

“काय?”

“उडी. माहे गुडघे गेले.”

“मी? बाबा, मी पीएच. डी. आहे!”

“मंग दोन जास्त मार.”

आणि माळाच्या कडेनं जाणाऱ्या लोकांनी त्या दिवशी पाहिलं, ते कित्येक वर्षं सांगत होते. गवतातून एक काळं घोंगडं वर यायचं, ‘टर्र’ असा केविलवाणा आवाज करायचं, धप्पकन पडायचं आणि गवतातून ‘आई गं’ ऐकू यायचं.

“बेडूक मेल्यावानी नको बोलू,” बाबा दटावत. “जित्ता बेडूक पाह्यजे.”

पहिल्या दिवशी केतकरांनी सत्तर उड्या मारल्या. जावयानं एकही मारली नाही. बूट शोधत नुसता फिरला आणि संध्याकाळी ताटलीची वाट बघत बसला. ताटली आली नाही.

गुरुवारी दुपारी केतकरांना राहवेना. घोंगडीतून आवाज आला, “बाबा, तो उपाशी आहे हो. कालपासून पोटात कण नाही.”

“तू जेवला?”

“नाही. कसा जेवू?”

“मंग दोघंबी उपाशी. नाकतोडे लय हायेत माळावर. दोघाईले पुरतीन.”

केतकर रडकुंडीला आले. घोंगडीला मेंढीचा वास, पायात काटे, कंबर आपली राहिलेली नाही, आणि वीस हातांवर तो, ज्याला त्यांनी रात्र रात्र जागून भरवला होता, तो मान पाडून बसलेला. एकदा फक्त हाक मारायची, की धावत येईल. तोंड उघडलंसुद्धा...

बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

तिन्हीसांजेला जावयाच्या समोरून एक नाकतोडा उडाला. जावयानं त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं. दुसरा उडाला. तिसरा त्याच्या चोचीवरच येऊन बसला, आणि मग काय झालं ते जावयालाही नीट कळलं नसावं. त्यानं तो गिळला. थोडा विचार केला. मग दुसऱ्याच्या मागे लागला.

“खाल्ला!” घोंगडं आनंदानं ओरडलं.

“चूप,” बाबा म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. केतकरांनी पहिली उडी मारली. आवाज आता चांगला जित्ता येत होता. दुसरी मारली. तिसरी मारायला ते उठले आणि अर्ध्यातच थबकले.

पलीकडच्या खडकाळ उंचवट्यावर जावई उभा होता. मान मागे टाकलेली, छाती फुगवलेली. तो वर गेला. बुटापुढे मारायचा तशी टुण्णकन नव्हे. सरळ, गवताच्या वर, माणसाच्या छातीइतका उंच. पंख फडफडले, टर्र झालं, आणि खाली.

केतकरांनी उत्तर दिलं. त्यानं प्रत्युत्तर दिलं. सकाळभर दोघांची जुंपली. एक माळावर जन्मायचा तो यंत्रात जन्मलेला, दुसरा पुण्यात जन्मलेला. दुपारपर्यंत केतकर हरले आणि आडवे झाले. गवताच्या वर तो काळा ठिपका पुन्हा पुन्हा चढत होता, उतरत होता, आणि दर उडीला थोडा लांब जात होता.

राणूबाईनं भाकरी आणली. केतकरांनी चार खाल्ल्या.

शनिवार उजाडला.

कागद आज द्यायचा होता. जीप माळाच्या कडेला येऊन थांबली होती, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवायला हात नेला होता आणि राणूबाईनं दोनदा डोळे वटारले होते. केतकरांनी घोंगडी घडी करून बाबांच्या हातात दिली. अंगावर काटे, चेहरा रापलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

“बाबा, जाण्याआधी एकदा भेटतो त्याला. एकदाच.”

बाबा घोंगडी मांडीवर घेऊन बसले.

केतकर गवतात सरळ उभे राहिले. तोंड उघडं, हात उघडे. जावई तीस-चाळीस पावलांवर किडे टिपत होता. केतकरांनी दोन वर्षं रोज जेवणाच्या वेळी मारायचे तशी, त्याच लाडाच्या आवाजात हाक मारली.

“जावईबापूऽऽ... या, या, या!”

पक्ष्यानं मान उंच केली.

केतकरांकडे पाहिलं. रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

मग मान खाली घातली, दबकला आणि गवतात दिसेनासा झाला. एक पातंसुद्धा हललं नाही.

केतकर उभेच राहिले. वारा आला, गेला. त्यांनी पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक निघाली नाही, हुंदका निघाला. आणि मग सतरा निबंधांचा तो माणूस भर माळावर लहान मुलासारखा रडला.

“बाबा,” ते कसेबसे म्हणाले, “त्यानं... त्यानं मला ओळखलंच नाही हो.”

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. समोरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग काठी टेकून उठले आणि घोंगडी पुन्हा त्यांच्या हातात दिली.

“चाल,” ते म्हणाले. “तुले अंडे दाखवतो.”